जेवणाची जागा कशी बसवावी: फ्लॅटमधल्या डायनिंगचं मोजमाप, मांडणी आणि सामान

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की सोफ्याच्या पाठोपाठ डायनिंग टेबल येतं, आणि ते बहुतेक वेळा उलट्या क्रमानं येतं. दुकानात सहा खुर्च्यांचा सेट आवडतो, टेम्पोतून घरी उतरतो, आणि मग लक्षात येतं की टेबल भिंतीला चिकटवल्याशिवाय फ्रीजचं दार पूर्ण उघडत नाही. वर्षभरात त्या टेबलावर औषधांचा डबा, लाइटबिलं, चार्जर, लोणच्याच्या बरण्या आणि इस्त्रीहून आलेले कपडे मुक्काम ठोकतात. माणसं ताटं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसतात. टेबलात खोट काढावी असं काही नसतं, फक्त ते घेताना त्या घरातल्या जेवणाचा हिशेब कोणी केलेला नसतो.

इथे मी टू-बीएचके किंवा थ्री-बीएचके फ्लॅट गृहीत धरतो. हॉलला लागून स्वयंपाकघराच्या तोंडाशी साधारण ८ × १० फुटांचा तुकडा, ज्यावर बिल्डरच्या नकाशात 'डायनिंग' असं लिहिलेलं असतं. या तुकड्यात काय ठेवायचं हे ठरवताना मी एक कसोटी सगळ्यांच्या वर ठेवतो: जो किंवा जी वाढते, ती व्यक्तीही सगळ्यांबरोबर बसून जेवते का? टेबलाचं माप, त्याची ओट्यापासूनची जागा, बाजूच्या कपाटातले खण, हे सगळं या एका प्रश्नावरून ठरवता येतं.

या कसोटीमागे कारण आहे. जुन्या वाड्यांत जेवणाची म्हणून वेगळी खोली सहसा नसे. स्वयंपाकघरात किंवा माजघरात पाट मांडले, पाण्याची भांडी ठेवली की जेवणाची जागा झाली, आणि उष्टी काढून जमीन सारवली की तीच जागा निवडण-टिपणाला मोकळी. आधी पुरुष आणि मुलं, मग बायका, आणि घरातली सून बहुतेक शेवटी. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती जमीनदारांच्या घरांत मात्र पोर्तुगीज वळणाची स्वतंत्र जेवणघरं आणि लांबलचक टेबलं होती, चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात ती आजही पाहायला मिळतात. फ्लॅट आले तसं टेबल सर्वांच्या घरी पोहोचलं. पाट गेले, पण 'तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते' हे वाक्य टेबलाबरोबर तसंच पुढे आलं. चार खुर्च्या भरलेल्या आणि पाचवं माणूस तव्यापाशी उभं, हे दृश्य मोडायचं असेल तर त्याची सुरुवात मांडणीपासून होते.

पहिली पायरी: आठवडाभराचं जेवण लिहून काढा

फ्रीजच्या दारावर एक कागद लावा. प्रत्येक जेवणाला कोण बसलं, किती वाजता, कुठे, आणि वाढायला कोण किती वेळा उठलं, एवढंच टिपायचं. सात दिवस पुरे. सकाळी शाळा आणि डबे यांच्या धांदलीत कोणी टेबलावर बसतच नाही, दुपारी घरी एकटे आजोबा असतात, आणि रात्री नवाच्या सुमारास तिघं-चौघं एकत्र सापडतात, असं काहीसं चित्र निघेल. म्हणजे रोजची खरी गरज चार जागांची असते. सहा किंवा आठ जागा वर्षातून मोजक्या दिवशी लागतात, आणि त्या दिवसांची सोय वेगळी करता येते (त्याबद्दल पुढे लिहिलं आहे). पाहुण्यांसाठी टेबल घेऊन रोज त्याला वळसा घालत चालणं मला पटत नाही.

त्याच कागदावर आणखी एक यादी करा: जेवताना टेबलावर काय काय येतं. पोळ्यांचा डबा, आमटीचं पातेलं, भाजीची कढई, भाताचं भांडं, कोशिंबिरीचा वाडगा, तूप, मीठ, लोणचं, पाण्याचा जग. टेबलाची रुंदी ठरवायला ही यादी लागणार आहे.

दुसरी पायरी: टेबल आणण्याआधी जमिनीवर आखा

रंगाऱ्यांकडे मिळते ती कागदी चिकटपट्टी आणा आणि टेबलाचा आयत जमिनीवर आखा. वर्तमानपत्रं पसरलीत तरी चालेल. त्याभोवती घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवा, माणसं बसवा, आणि दोन दिवस त्या आखणीला वळसा घालून वावरा. फ्रीजचं दार, स्वयंपाकघराचं दार, बाल्कनीचा सरकता दरवाजा, कामवाल्या ताईंचा पोछा, सगळं त्या दोन दिवसांत कळतं.

मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत किमान अडीच फूट हवेत, म्हणजे खुर्ची ओढून बसता-उठता येतं. बसलेल्या माणसाच्या मागून कोणी ताट घेऊन जाणार असेल तर ३ फूट, आणि तो घरातला येण्याजाण्याचा मुख्य रस्ताच असेल तर साडेतीन. याप्रमाणे ५ × ३ फुटांचं टेबल खोलीच्या मधोमध ठेवून चारही बाजूंनी ३ फूट सोडायचे तर ११ × ९ फूट मोकळी जागा लागते. आपल्या ८ × १०च्या तुकड्यात ते बसत नाही. इथेच बहुतेक घरं फसतात, कारण दुकानातल्या मोठ्या हॉलमध्ये तेच टेबल आटोपशीर दिसलेलं असतं.

उपाय असा की एका लांब बाजूला खुर्च्यांऐवजी भिंतीला टेकवून बाक करायचं. बाकाला मागे जागा लागत नाही, आणि बाक टेबलाच्या कडेपर्यंतच येत असल्यामुळे भिंतीपासून टेबलाच्या कडेपर्यंत दीड फूट पुरतात. मग हिशेब होतो: दीड फूट बाकाचे, ३ टेबलाचे, ३ समोरच्या खुर्च्यांचे आणि रस्त्याचे. एकूण साडेसात. आठ फुटांत बसलं.

तिसरी पायरी: ताटावरून टेबलाचं माप

बाजारातली बरीच टेबलं अडीच फूट म्हणजे ३० इंच रुंद असतात. प्लेटमध्ये एक-दोन पदार्थ घेऊन खाणाऱ्या घराला ती पुरतात. आपलं ताट मात्र साधारण १२ इंची असतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटीची वाटी, मध्ये भात, पुढ्यात पोळी. सगळं एकाच वेळी वाढलेलं असतं, त्यामुळे ताट लहान करून भागत नाही. समोरासमोर दोन ताटं ठेवली की २४ इंच गेले. तीस इंची टेबलावर मध्ये उरले सहा इंच, आणि त्यात पोळ्यांचा डबाही मावत नाही. मग पातेली ओट्यावरच राहतात, आणि ओट्यावर राहिली की वाढायला कोणीतरी उठतंच.

म्हणून रोज पोळी-भाजी-वरण-भात जेवणाऱ्या घरानं ३६ इंच, म्हणजे पूर्ण ३ फूट रुंदीचा आग्रह धरावा. मध्ये १२ इंचांचा पट्टा मोकळा राहतो आणि त्यात डबा, पातेलं, भात, कोशिंबीर एका ओळीत मांडता येतं. लांबीला माणशी २ फूट धरा: चौघांना ४ फूट, सहा जणांना दोन टोकांच्या दोन जागा धरून ५ फूट. गोल टेबल चौघांना ४ फूट व्यासाचं चालतं, सहा जणांना साधारण ५ फूट हवं. गोल टेबलावर सगळ्यांचे चेहरे दिसतात, लहान मुलाला कोपरा लागत नाही, आणि मधली पातेली सगळ्यांच्या हाताला सारख्याच अंतरावर येतात. चौकोनी खोलीत मी गोलच सुचवीन. लांबट पट्टीत ते जागा खातं.

उंची साधारण ३० इंच असते आणि खुर्चीची बैठक १७ ते १८. हातानं जेवताना कोपर थोडं खाली असलेलं बरं वाटतं. घरात बुटकी माणसं जास्त असतील आणि टेबल सुताराकडून करून घेत असाल तर २९ इंच ठेवायला सांगा. टेबलाच्या फळीखाली जी उभी पट्टी असते ती फार खोल नको, बैठकीपासून तिच्या खालच्या कडेपर्यंत किमान ७ इंच मोकळे हवेत, नाहीतर मांड्या अडकतात. व्हीलचेअर वापरणारं कोणी असेल तर जमिनीपासून टेबलाखाली २७ इंच मोकळी उंची आणि निदान एका बाजूला पाय आडवा न येणारी रचना आधीच सांगून ठेवा.

पाय कोपऱ्यात आहेत की मध्ये एकच खांब आहे, हेही बघा. चार पायांच्या टेबलात खुर्च्या पायांच्या आत सरकल्या पाहिजेत. दोन पायांमधलं अंतर मोजा, त्यात दोन खुर्च्यांची रुंदी आणि वर चारेक इंच बसतात का ते तपासा. दुकानात हे कोणी मोजत नाही.

चौथी पायरी: तव्यापासून टेबलापर्यंत

आता मुख्य प्रश्न. गरम पोळीचा आग्रह असलेल्या घरात टेबल कितीही चांगलं असलं तरी एक खुर्ची रिकामी राहते. मांडणीनं यात दोन प्रकारे मदत होते. एक म्हणजे ओटा आणि टेबल एकमेकांच्या नजरेत आणा. स्वयंपाकघर आणि डायनिंगमधली भिंत भार पेलणारी नसेल तर तिच्यात ओट्याच्या उंचीला ३ ते ४ फूट रुंदीची खिडकी काढता येते. भिंतीला हात लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा होकार घ्या, कारण नव्या टॉवरमध्ये बऱ्याच भिंती काँक्रीटच्याच असतात आणि त्या फोडता येत नाहीत. खिडकीतून पातेली सरळ सरकवता येतात आणि पोळ्या करणारं माणूस निदान गप्पांत तरी असतं. फोडणीचा ठसका हॉलमध्ये येईल ही तक्रार रास्त आहे, त्यासाठी चिमणी चांगली हवी आणि खिडकीला सरकती काच.

दुसरा उपाय मांडणीपेक्षा सवयीचा आहे, पण त्यालाही जागा करावी लागते. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. डब्यात सुती फडकं घातलं की पोळ्यांना पाणी सुटत नाही आणि अर्धा-पाऊण तास त्या मऊ राहतात. पूर्ण वाफ कोंडू नये म्हणून झाकण लावण्याआधी मिनिटभर थांबायचं, एवढंच. ज्यांना फुलका तव्यावरूनच हवा असतो त्यांनी आठवड्यातून दोन दिवस स्वतः तव्यापाशी उभं राहावं. त्यांना डब्यातली पोळी हळूहळू आवडू लागते.

बसण्याच्या जागाही ठरवा. ज्याला उठायची जास्त शक्यता आहे त्यानं स्वयंपाकघराच्या बाजूला, बाहेरच्या खुर्चीवर बसावं. बाकावर आत अडकलेल्या माणसाला मीठ आणायला पाठवलं की अख्खी ओळ उठते.

पाचवी पायरी: वरची फळी कशाची

आपल्या जेवणात हळद आहे, तेल आहे, आणि लिंबू, चिंच, कोकम, ताक यांची आंबट साथ आहे. वर गरम कढई. फळी निवडताना एवढं डोळ्यासमोर ठेवलं की अर्धे पर्याय गळतात.

पांढरा संगमरवर दिसायला देखणा, पण तो चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबाचा किंवा सोलकढीचा थेंब पडला आणि थोडा वेळ राहिला की तिथली चकाकी उडते, आणि तो डाग पुसून जात नाही कारण दगडच झिजलेला असतो. ग्रॅनाइटला आम्लाचा असा त्रास नाही, तो टिकाऊ आहे, फक्त जड आहे आणि स्टीलचं ताट ठेवलं की खणकन वाजतं. काचेचं टेबल घ्यायचंच तर टफन्ड काच, जाडी १० ते १२ मिलिमीटर, कडा गोल घासलेल्या. पण रोज तेलकट बोटांचे ठसे पुसायची तयारी हवी. माझ्या घरी मी काच घेणार नाही.

सनमायका लावलेलं प्लायवूड हा मध्यमवर्गीय घराचा समंजस पर्याय आहे. मॅट फिनिशचा, १ मिलिमीटर जाडीचा सनमायका घ्या. चकचकीत सनमायकावर ओरखडे लगेच दिसतात. आतलं प्लाय कोणतं हे विचारा आणि त्यावरचा शिक्का बघा: आयएस म्हणजे भारतीय मानक, त्यातलं आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय, आणि आयएस ३०३ मध्ये साधं ओलावारोधक आणि उकळत्या पाण्याला टिकणारं असे दोन्ही प्रकार येतात, त्यातलं दुसरं घ्यावं. कडांची पट्टी नीट चिकटलेली हवी, कारण पाणी तिथूनच शिरतं. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचे तंतू किंवा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं टेबल कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात कडेनं फुगतं. घाटावर कोरड्या हवेत ते जरा जास्त तग धरतं.

लाकूड घ्यायचं तर सागवान. त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. फसवणूक होते ती बाहेरच्या पांढऱ्या भागात. झाडाचा तो रसाळ थर किडीला बळी पडतो, आणि पॉलिशचा गडद हात फिरवला की गाभा कोणता आणि पांढरा भाग कोणता ते ओळखता येत नाही. म्हणून पॉलिश करण्याआधी टेबल उघडं बघायला जा. फळीची खालची बाजू आणि पायांच्या आतल्या कडा बघा, पांढरट पट्टे तिथेच लपवलेले असतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड घेऊन सुताराकडून करून घेणारे अजून आहेत. मुंबईत जुनं शिसवी किंवा सागवानी सामान बघायचं तर ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार किंवा चोरबाजार. जुन्या टेबलाचे सांधे हलवून पाहा, आणि पायांच्या तळाशी बारीक भोकं व पिठासारखी भुकटी दिसली तर हात जोडून बाहेर पडा. सध्या दुकानांत रबरवूड भरपूर आहे. प्रक्रिया केलेलं असेल तर ते वाईट नाही, फक्त सागाच्या भावात घेऊ नका.

पॉलिशमध्ये मेलामाइन स्वस्त आणि पीयू (पॉलियुरेथेन) महाग. टेबलाच्या फळीपुरतं तरी पीयू करून घ्या, पाण्याच्या ग्लासाच्या गोल खुणा कमी उठतात. गरम भांडं मात्र कोणत्याच पॉलिशवर थेट ठेवायचं नाही.

खुर्च्या आणि बाक

खुर्चीवर दुकानात दोन मिनिटं बसून निर्णय होतो, आणि घरी रविवारचं जेवण दीड तास चालतं. म्हणून दुकानात निवांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीला टेकतात का बघा. ज्येष्ठ माणसांसाठी निदान एक खुर्ची हातांची हवी. गुडघे दुखणारं माणूस हातांवर भार देऊन उठतं. ते हात टेबलाखाली सरकतात का तेही मोजा. बैठकीला कापड असेल तर आमटी सांडणार हे धरून चाला, काढून धुता येणारं कव्हर किंवा पुसता येणारं रेक्झिन घ्या.

बाक १८ इंच उंच आणि १६ ते १८ इंच खोल असू द्या, खाली उघडणारे कप्पे करून घेतले तर पाट, चटया आणि सणाची भांडी तिथे जातात. झाकण वर उघडणारं करू नका, कारण काही काढायचं झालं की बसलेल्या सगळ्यांना उठावं लागतं. समोरून ओढायचे खण बरे.

खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच किंवा फेल्टच्या चकत्या लावा. रात्री अकराला ओढलेली खुर्ची तुम्हाला ऐकू येत नाही, खालच्या मजल्यावर ती छतावरून ट्रंक ओढल्यासारखी वाजते.

दिवा, पंखा, प्लग

इलेक्ट्रिशियन येण्याआधी टेबलाची जागा पक्की हवी, कारण दिवा खोलीच्या मध्यावर आणि टेबल भिंतीकडे, ही चूक नंतर दुरुस्त करायला छत फोडावं लागतं. टांगता दिवा टेबलाच्या फळीपासून ३० ते ३२ इंच वर, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही आणि डोळ्यांत उजेडही येत नाही. रंग ३००० केल्विनच्या आसपासचा, पिवळसर. निळसर पांढऱ्या ट्यूबखाली चांगली आमटीसुद्धा आजारी दिसते. मात्र मूल त्याच टेबलावर अभ्यास करणार असेल, आणि ते करणारच, तर भिंतीवर एक स्वतंत्र पांढरा दिवा वेगळ्या बटणावर द्या.

पंखा आणि दिवा यांचं भांडण हमखास होतं. छताला लावलेले छोटे दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर आले की पात्यांच्या सावल्यांमुळे उजेड सतत लुकलुकतो आणि डोकं दुखतं. दिवे पात्यांच्या घेराबाहेर हवेत, नेहमीचा पंखा ४८ इंची असतो हे धरून आखा. आठ फुटी खोलीत टांगता दिवा आणि छताचा पंखा दोन्ही नीट बसणं कठीण, तिथे पंखा भिंतीवरचा घ्या. पोळ्याही कमी वाळतात.

टेबलाजवळच्या भिंतीवर फळीच्या थोडं वर एक १६ अँपिअरचा आणि एक ६ अँपिअरचा प्लग द्या. इंडक्शनवर आमटी टेबलापाशीच गरम करता आली की वाढणाऱ्याच्या ओट्याकडच्या फेऱ्या वाचतात.

बेसिन

डायनिंगच्या भिंतीवर उघडं वॉश बेसिन ही आपल्या फ्लॅटची जुनी खोड. हात धुवायला सोयीचं, पण जेवत असलेल्याच्या पाठीमागे कोणी चूळ भरून खाकरलं की घास तिथेच थांबतो. जागा बदलता येत नसेल तर बेसिन आणि टेबल यांच्यात जाळीचा किंवा रेघांच्या काचेचा दीड-दोन फुटांचा आडोसा उभा करा. बेसिनची वरची कड जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांवर ठेवतात. खाली उघडा पाइप ठेवण्यापेक्षा छोटं कपाट करा, पण ते जमिनीपासून सहा इंच वर असू द्या, नाहीतर तळ कुजतो. आरशावरचा दिवा टेबलावरच्यांच्या डोळ्यांत जाणार नाही असा वळवा.

टेबलावर साचणाऱ्या वस्तूंना आधी घर द्या

टेबल वखार होतं याचं कारण आळस कमी आणि जवळपास दुसरा सपाट पृष्ठभाग नसणं जास्त. दारातून आत आल्यावर किल्ल्या, पत्रं आणि पिशव्या ठेवायला काहीच नसेल तर त्या टेबलावरच येणार. म्हणून टेबलाजवळ ३ ते ४ फूट लांबीचं बसकं कपाट करा. आतली खोली किमान १४ इंच ठेवा, म्हणजे १२ इंची ताटं आडवी मावतात. काचेच्या दारांचे, आत दिवे लावलेले दर्शनी शोकेस आता बऱ्याच घरांत आहेत, आणि त्यातले न वापरलेले टी-सेट पुसण्यात दिवाळीचा एक दिवस जातो. त्याऐवजी वरच्या खणात रोजची ताटं, वाट्या, भांडी ठेवा. मुलांच्या हाताला येतील अशीच ठेवा, म्हणजे पानं घेण्याचं काम त्यांच्याकडे सोपवता येतं. ही सोय झाली की वाढणाऱ्याचं काम खरोखर अर्ध्यावर येतं.

दुसऱ्या खणात औषधं आणि कागद. मीठ, तूप, लोणचं, चटणी आणि साखर एका कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा: जेवताना ट्रे टेबलावर, जेवण झालं की कपाटावर. टेबल एका हालचालीत मोकळं होतं आणि लोणच्याच्या बरणीखालची तेलाची वर्तुळंही टळतात.

टीव्हीबद्दल एकच सांगतो. टेबलावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत टीव्ही नको. ज्यांना मालिका बघत जेवायचं आहे ते सोफ्यावर जातीलच. टेबलावर बसलेल्यांना निदान एकमेकांशी बोलता यावं.

जागाच नसेल तर

वन-बीएचकेत किंवा भाड्याच्या घरात भिंतीला घडी होणारं टेबल उपयोगी पडतं. ३ × २ फुटांचं फळकूट, खाली घडीचे लोखंडी ब्रॅकेट. ते कशात ठोकणार हे महत्त्वाचं. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ठोकळ्यांच्या असतात, त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा काही महिन्यांत सैल होतो आणि टेबल आमटीसकट खाली येतं. अशा भिंतीला लांब, खास त्याच ठोकळ्यांसाठी मिळणारे अँकर लागतात, दुकानात भिंत कशाची आहे ते सांगून मागा. फळकुटावर कोपर टेकून भार देणारे पाहुणे असतात, तेवढं वजन ब्रॅकेटनं पेललं पाहिजे. भाड्याच्या घरात भोकं पाडायला मालक नाही म्हणत असेल तर जमिनीवर बसण्याचा जुना मार्ग आहेच: पाट आणि समोर १० ते १२ इंच उंचीचा चौरंग. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम केलेले सुबक पाट-चौरंग मिळतात. गुडघे साथ देत असतील तर यात काही कमी नाही.

सणाच्या दिवशी: पंगत

गौरी जेवतात त्या दिवशी किंवा श्राद्ध-बारशाला पंधरा-वीस माणसं आली की टेबल भिंतीला सारून हॉलमध्ये पंगत मांडा. मापं अशी. माणशी २ फूट लांबी. बसण्याला आणि पानाला मिळून सव्वातीन फूट खोली. १० × १२ फुटांच्या हॉलमध्ये लांब भिंतींना पाठ करून सहा-सहाच्या दोन ओळी बसतात, म्हणजे एका पंगतीला १२. दोन ओळींना साडेसहा फूट गेल्यावर मध्ये साडेतीन फूट उरतात, त्यात वाढणारा वाकून दोन्ही बाजूंना वाढू शकतो. दार कोपऱ्यात असेल तर त्यापुढची एक जागा सोडा.

केळीचं पान मांडताना शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे. पान आधी पाण्यानं पुसून घ्या आणि टाइल्सवर घसरू नये म्हणून खाली जुनं वर्तमानपत्र घाला, नंतर तेच गुंडाळून उचलता येतं. ज्यांना खाली बसता येत नाही अशांसाठी तेच डायनिंग टेबल भिंतीकडे उभं आहेच, त्यांची पानं तिथे मांडा आणि त्यांना पहिल्याच पंगतीला बसवा. वाढणाऱ्यांची पाळी लावा: पहिल्या पंगतीत जेवलेल्या दोघा-तिघांनी दुसऱ्या पंगतीला वाढायचं, यात पुरुषांची नावं आधी लिहा. भाताची मूद आणि वरणावर तूप वाढणं ही कामं कोणालाही जमतात.

देखभाल

हळदीचा डाग पडला की घासून घासून फळी खराब करू नका. हळदीचा रंग उजेडात विरतो. सनमायका किंवा कापडावर साबणानं पुसून उरलेला पिवळेपणा दोन-तीन दिवस खिडकीच्या उन्हात ठेवला की बराचसा उडतो. टेबलमॅट आणि सुती रनर तर सरळ दोरीवर टाका. लाकडी फळीवर मात्र कडक ऊन नको, ती तडकते. लाकडाला ओलं फडकं फिरवल्यावर लगेच कोरडं फिरवा. पाण्याच्या खुणा सांडलेल्या पाण्यानं पडतात तशाच ओलं फडकं फिरवून फळी कोरडी न केल्यानंही पडतात.

लोखंडी पायांचं टेबल कोकणात घेतलं असेल तर पावडर कोटिंग कुठे उडालंय ते मे महिन्यात बघा आणि गंज धरण्याआधी तेवढ्या जागी रंगाचा हात मारा. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि नंतर आकसतं, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यानंतर, साधारण दिवाळीच्या सफाईत, टेबल उलटं करून पायांचे आणि खुर्च्यांचे सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या. सुताराला बोलवायची गरज नाही. टेबलासोबत आलेली ती वाकडी किल्ली कपाटाच्या दुसऱ्या खणात, बिलाच्या पाकिटातच ठेवलेली असू द्या.